यकृत निकामी झालेल्या रुग्णाला डायलिसिसवर सायट्रेट द्यावं का?

आयसीयूवाला, पुणे
‘लिव्हर गेलंय, सायट्रेट नको’ हे राउंडला इतक्यांदा ऐकलंय की आज लिहायला बसलो. सलग चालणाऱ्या डायलिसिसमध्ये (सीआरआरटी) सायट्रेट नळीतल्या रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून फिल्टर गोठत नाही. अंगात परत आलेलं सायट्रेट मुख्यतः यकृत आणि स्नायू पचवतात. भीतीचं मूळ तिथेच. 2012 च्या केडिगो (किडनीच्या आजारांवरची आंतरराष्ट्रीय संस्था) मार्गदर्शिकेने सायट्रेटला हेपॅरिनच्या (अंगभर रक्त गोठणं रोखणारं औषध) वर बसवलं, पण यकृत फार बिघडलेल्यांना बाजूला ठेवून. पुढे 2015 मध्ये जर्मनीतला 133 रुग्णांचा अभ्यास आला. त्यात बिलिरुबिन (कावीळ मोजणारा आकडा) 7 च्या वर गेलेलेही रुग्ण होते, आणि सायट्रेट साचल्याचं क्वचितच दिसलं.

नाही द्यायचं, तर मग काय? अन्ननलिकेच्या शिरांतून रक्त जाणाऱ्याला हेपॅरिन कोण देणार? काहीच न देता चालवलं तर फिल्टर गोठतो. आयएनआर (रक्त गोठायला किती उशीर होतो ते सांगणारा आकडा) 3 असला तरी गोठतो, कारण रक्त गोठू न देणारी प्रथिनंही यकृतच बनवतं. दर वेळी नळीतलं दीडशे-दोनशे मिली रक्त वाया, तेही हिमोग्लोबिन 7 असलेल्या माणसाचं.

फिजिशियन, जिल्ह्याचं गाव
डॉक्टर, तुमचा मुद्दा कळतो, पण पटत नाही. एका रात्रीचं सांगतो. उंदीर मारायची पेस्ट खाऊन लिव्हर गेलेला तरुण, सायट्रेट चालू. आयोनाइज्ड (रक्तातलं मोकळं) कॅल्शियम 0.9, म्हणजे कमी. भरपाईची कॅल्शियमची ड्रिप वाढवली, तरी 0.9. परत वाढवली, तेच. सगळ्यांना वाटलं, ड्रिपच कमी पडतेय. सकाळी लॅबचं टोटल कॅल्शियम (सायट्रेटने बांधलेलंही धरून) आलं 10.8, शेरा ‘किंचित जास्त’. लॅब मिलिग्रॅममध्ये देते, एबीजी (बेडपाशी रक्त तपासायचं मशीन) मिलिमोलमध्ये, आणि चारने भागायचं कुणाला सुचलं नाही. 10.8 म्हणजे 2.7, भागिले 0.9, गुणोत्तर 3. अडीचच्या वर म्हणजे सायट्रेट साचलंय. रात्रभर आम्ही साचलेल्या सायट्रेटलाच कॅल्शियम पाजत होतो. वर एफएफपीच्या (गोठवून ठेवलेला प्लाझ्मा) पिशव्या चालू, त्यातही सायट्रेटच.

आयसीयू सिस्टर
सर, माणूस शुद्धीत असला तर ओठांना मुंग्या येतात म्हणून सांगतो. व्हेंटिलेटरवरचा कसा सांगणार? ड्रिपचा दर वाढत चाललाय हे आधी आम्हाला दिसतं. किती झाला की डॉक्टरांना उठवायचं, तो आकडा बेडपाशी लिहून ठेवा. तेवढंही बऱ्याच ठिकाणी नसतं.

आयसीयूवाला, पुणे
सिस्टर, अगदी बरोबर. आमच्याकडेही तो आकडा लिहिलेला नाही, उद्याच लावतो. आणि फिजिशियन सर, तुमच्या रुग्णाचं लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला किंवा यकृत थकलं की रक्तात वाढणारं आम्ल) किती होतं? 2012 च्या म्युनिकच्या अभ्यासात धोका ओळखायला बिलिरुबिनपेक्षा लॅक्टेट आणि प्रोथ्रॉम्बिन (रक्त गोठण्याची चाचणी) जास्त उपयोगी पडले. लॅक्टेट चढतंय, बीपी औषधांवर टांगलंय, अशाला मीही देणार नाही. बाकीच्यांना रक्ताचा वेग कमी ठेवून देतो. वेग कमी म्हणजे सायट्रेटही कमी जातं, आणि बरंचसं डायलिसिसमध्येच निघून जातं.

फिजिशियन, जिल्ह्याचं गाव
लॅक्टेट 6 होतं. म्हणजे तुमच्या हिशोबानेही तो नकोच होता. पण बाकीच्यांचं काय? तुम्ही दर चार-सहा तासांनी आयोनाइज्ड बघता, आमच्या एबीजी मशीनची कार्ट्रिज महिन्यातून दोनदा संपते. ती चोवीस तास मिळेपर्यंत लिव्हरच्या रुग्णाला मी काही न देताच डायलिसिस करणार. फिल्टर गोठलेला डोळ्यांना दिसतो, सर, सायट्रेट साचलेलं दिसत नाही.