मेस्मा लावा म्हणे!

बी-५०२ काका: वीजवाल्यांचा परत संप असा फॉरवर्ड आलाय, खरं खोटं देव जाणे. झालाच तर सरकारने सरळ मेस्मा, म्हणजे तो अत्यावश्यक सेवेतल्या संपावर बंदी घालायचा कायदा, लावावा, लिफ्ट बंद पडली की आमच्यासारख्यांनी पाच जिने चढायचे का 😡

संदीप ए-१०४: काका जानेवारी २०२३ ला लावलाच होता की. अदानीला वीज वाटपाचा समांतर परवाना नको म्हणून ७२ तासांचा संप होता. मेस्मा लावूनही लोक संपावर गेलेच, आणि मिटला कसा तर फडणवीसांनी त्याच दिवशी युनियनवाल्यांना बोलावून चर्चा केली म्हणून

बी-५०२ काका: धाक होता म्हणूनच मिटला ना 😄

शुभांगीताई: कसला धाक हो, १४ मार्च २०२३ ला सरकारी कर्मचाऱ्यांचा जुन्या पेन्शनसाठीचा संप सुरू झाला आणि त्याच दिवशी मेस्माचं नवीन विधेयक चर्चा न करता पास करून टाकलं, वर्षभरापर्यंत जेल, वॉरंटशिवाय अटक सगळं त्यात, तरी संप २० तारखेपर्यंत चालूच, शेवटी शिंदेंबरोबर बैठक झाली तेव्हा मागे घेतला

मीना काकू: तेव्हाच आमच्या सासूबाईंचं ऑपरेशन पुढे गेलं होतं सरकारी दवाखान्यात. पेशंटने काय करायचं ते पण सांगा

शुभांगीताई: ते बरोबर आहे काकू, आयसीयू, कॅज्युअल्टी चालू राहिलीच पाहिजे, त्याला कोण नाही म्हणतंय. पण २०१८ ला अंगणवाडी सेविकांना पण मेस्मात घातलेलं. द्यायचं नुसतं मानधन, सरकारी कर्मचारी म्हणायचं नाही, आणि संप केला की अत्यावश्यक 🙄 सत्तेतल्या शिवसेनेनेच सभागृहात गोंधळ घातला तेव्हा कुठे स्थगिती मिळाली

संदीप ए-१०४: आणि तीच शिवसेना २०२१ ला, परब परिवहन मंत्री, एसटीवाल्यांना मेस्माचा इशारा 😂 तेव्हा विरोधात असलेले पडळकर, खोत आझाद मैदानात संपकऱ्यांबरोबर बसलेले. खुर्ची बदलली की मत बदलतं, बाकी काय

बी-५०२ काका: सुप्रीम कोर्टाने २००३ लाच सांगितलंय, सरकारी नोकरांना संपाचा मूलभूत हक्क नाही. तमिळनाडूत जयललितांनी लाखाच्या वर लोक एका फटक्यात काढले होते

शुभांगीताई: आणि त्यातले बहुतेक परत घेतले ते पण त्याच कोर्टात ठरलं काका, फॉरवर्डमध्ये ते नसतं. संप नको असेल तर मागण्या ऐकायला ठरलेल्या मुदतीत कोणीतरी बसलं पाहिजे, ते मेस्मात कुठे लिहिलंय दाखवा

बी-५०२ काका: संध्याकाळी खाली भेट, तिथे सांगतो

ॲडमिन: राजकारण बास. मेंटेनन्स कोणाकोणाचा राहिलाय त्यांनी भरा 🙏