अमेरिकन नाटक: मिलर-विल्यम्सच्या पलीकडचं काय वाचावं? (सल्ला हवा)

तिसरी घंटा
नमस्कार मंडळी. पुण्यात आमचा एक हौशी अभिवाचन गट आहे. यंदा अमेरिकन नाटकं घेतली. ओनील, मिलर, टेनेसी विल्यम्स झाले, चर्चाही रंगल्या. मागच्या बैठकीत एकीने विचारलं, "या देशात काळे, मेक्सिकन, चिनी, मूळचे रहिवासी यांच्यापैकी कुणी नाटकं लिहीतच नव्हतं का?" सगळे गप्प. तेव्हा पुढची फेरी त्यांचीच करायची ठरलंय. सुरुवात कुठून करू? सनावळी नको, ती कुठेही मिळते. वाचताना दम असेल अशी नाटकं सुचवा. आम्ही आठ जण आहोत, त्यातले दोघं हमखास दांडी मारतात.

पिटातला प्रेक्षक
इथे सगळे तुम्हाला 'अ रेझिन इन द सन' सांगतील. मी म्हणेन, त्याच्या चार वर्षं आधीचं अ‍ॅलिस चाइल्ड्रेसचं 'ट्रबल इन माइंड' (१९५५) आधी घ्या. नाटकवाल्यांना ते पहिल्या पानापासून पकडतं, कारण सगळं तालमीतच घडतं. झुंडबळींच्या विरोधातलं एक 'पुरोगामी' नाटक बसतंय. लेखक गोरा, दिग्दर्शक गोरा. विलेटा मेयर ही मुरलेली काळी नटी. सुरुवातीला ती एका नवख्या पोराला धंद्यातल्या खाचाखोचा शिकवते: साहेबाच्या विनोदाला हसायचं, नाटक कसं वाटलं विचारलं तर फार आवडलं म्हणायचं. मग तो प्रवेश येतो, ज्यात आई स्वतःच मुलाला मरणाच्या तोंडी धाडते. विलेटाला ते करवत नाही. कुठली आई असं करेल, एवढंच ती विचारत राहते, आणि पुरोगामी दिग्दर्शकाचा मुखवटा टराटरा फाटतो.

खरी गंमत पुढे आहे. नाटक ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या बड्या व्यावसायिक रंगभूमीवर न्यायचं ठरलं, पण निर्मात्यांना शेवट गोड हवा होता. चाइल्ड्रेसबाई बधल्या नाहीत आणि बेत बारगळला. ब्रॉडवेवर ते लागलं २०२१ मध्ये. बाई १९९४ मध्येच गेल्या होत्या. म्हणजे नाटकात जे घडतं तेच नाटकाचंही झालं. काळ्या माणसाला रंगमंचावर उभं करायला कुणाची हरकत नसते हो, शेवट कोण लिहिणार यावर सगळं अडतं.

जर्सीकर
वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण 'रेझिन' वगळू नका. ते लिहिणारी लॉरेन हॅन्सबेरी तेव्हा २८ वर्षांची होती. काळ्या स्त्रीने लिहिलेलं ब्रॉडवेवरचं पहिलं नाटक, आणि दिग्दर्शक लॉइड रिचर्ड्सही काळाच. ५३० प्रयोग झाले. शिकागोच्या दक्षिण भागातलं कुटुंब, बापाच्या विम्याचे दहा हजार डॉलर, आणि आईने गोऱ्यांच्या वस्तीत घेतलेलं घर. त्यातला लिंडनरचा प्रवेश नीट वाचा. हा गृहस्थ वस्तीच्या वतीने घर परत विकत घ्यायला आलेला असतो. आवाज चढवत नाही, शिवी देत नाही, उलट जास्त पैसे देऊ करतो. आपल्याकडे सोसायटीच्या ऑफिसात आडनाव विचारून 'फ्लॅट कालच गेला' म्हणतात ना, तोच मवाळपणा. हॅन्सबेरीने हे घरात बघितलेलं होतं: वडिलांनी अशाच वस्तीत घर घेतलं आणि ते प्रकरण १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९६१ चा सिनेमाही बघा, सिडनी पॉइटियरसह बरीचशी मूळ नटमंडळीच आहेत.

ऑगस्ट विल्सन तर हवाच. पिट्सबर्गच्या काळ्या वस्तीला धरून विसाव्या शतकाच्या दर दशकाचं एक अशी दहा नाटकं, फक्त 'मा रेनी' शिकागोत घडतं. तुम्ही 'फेन्सेस' घ्या. त्यातल्या ट्रॉय मॅक्सनची स्वगतं वाचायला जो उभा राहील त्याने आधी घोटभर पाणी प्यावं.

नेपथ्य
सगळा धागा न्यूयॉर्कच्या अंगणातच फिरतोय. जरा कॅलिफोर्नियात या. १९६५, डेलानोच्या द्राक्षमळ्यांतला संप. मेक्सिकन वंशाच्या लुईस वाल्देझने मजुरांनाच घेऊन 'एल तेआत्रो कांपेसिनो' ही नाटकमंडळी काढली. ट्रकचा हौदा हाच रंगमंच, गळ्यात पाट्या: हा संपकरी, हा संपफोड्या, हा मालक. त्यांची 'लास दोस कारास देल पात्रोन्सितो' ही एकांकिका दहा-पंधरा मिनिटांत वाचून होईल. डुकराचा मुखवटा घातलेला मालक मजुराला म्हणतो, तुमचं काय बरं चाललंय, आम्हालाच ताप. आणि हौसेने मुखवटा, टोपी, कोट उतरवून त्याच्या अंगावर चढवतो. थोड्या वेळाने मालकाचाच पहारेकरी मालकाला मजूर समजून फरफटत नेतो. मजूर शेवटी घर, जमीन, गाडी काहीच ठेवत नाही, तेवढा चिरूट मात्र घेतो! पथनाट्य केलेल्या कुणालाही हे परकं वाटणार नाही.

मूळ रहिवाशांपैकी लॅरिसा फास्टहॉर्सचं 'द थँक्सगिव्हिंग प्ले' घ्या. चार गोरी पात्रं, शाळेसाठी सर्वांचा मान राखणारं नाटक बसवायला निघालेली, आणि मूळ रहिवासी नट एकही नाही. हसून मुरकुंडी वळते. चारच पात्रं, म्हणजे तुमचे दांडीबहाद्दरही चालतील.

अवांतर: ब्लॅक पँथरवरून आपल्याकडे १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली, हे सर्वांना ठाऊक आहे. दत्ता भगतांचं 'वाटा-पळवाटा' याच फेरीत घेऊन बघा. 'रेझिन'सारखाच पिढ्यांमधला वाद आहे, पण चळवळीतला.

सहज_सुचलं
एक शंका. नट चांगला असला की कुठलीही भूमिका करावी, त्यात रंग कशाला बघायचा? कला ती कला.

पिटातला प्रेक्षक
@सहज_सुचलं, याच प्रश्नावर १९९७ मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये ऑगस्ट विल्सन आणि समीक्षक रॉबर्ट ब्रुस्टीन यांची भर सभेत जुंपली होती. विल्सनचं म्हणणं, गोऱ्यांच्या नाटकात काळ्यांना भूमिका देऊन उपकार करू नका, आमच्या नाट्यसंस्थांना पैसा द्या. ब्रुस्टीनना ते फुटीरपणाचं वाटलं. मला विल्सनचं अर्धंच पटतं, पण पैशाचा मुद्दा मात्र सोळा आणे.

शिवाय रंग न बघण्याचा लाभ बहुधा एकाच बाजूला होतो. 'मिस सायगॉन' या संगीत नाटकातला युरेशियन दलाल लंडनमध्ये गोऱ्या जोनाथन प्राइसने डोळ्यांचा आकार बदलून केला होता. १९९० मध्ये नटांच्या संघटनेने ब्रॉडवेवर त्याला परवानगी नाकारली, निर्मात्याने प्रयोगच रद्द करायची धमकी दिली आणि संघटनेने आठवडाभरात माघार घेतली. त्या आंदोलनात असलेल्या, चिनी वंशाच्या डेव्हिड हेन्री ह्वांगने पुढे 'यलो फेस' लिहिलं, त्यात स्वतःचीच टोपी उडवलीय. तेही यादीत घाला.

तिसरी घंटा
सर्वांचे आभार, वाचनखूण साठवली. पहिली बैठक 'ट्रबल इन माइंड', आधी चिरूटवाली एकांकिका. 'फेन्सेस'चा ट्रॉय कोण करणार यावर आत्ताच ग्रुपवर भांडण लागलंय. प्रेक्षक बोलवावेत का?

जर्सीकर
घरात बसून वाचताय तोवर निवांत वाचा. हॉल घेऊन तिकीट लावणार असाल तर प्रयोगाचे हक्क आधी मागा, आणि उत्तराला वेळ लागतो हे धरूनच तारीख ठरवा.