आपला संघ हरला तो दिवस : मैदानातले अनुभव

मंडळी, जिंकलेल्या फुटबॉल सामन्यांवर आपण भरभरून बोलतो. पण स्टँडमध्ये बसून डोळ्यांदेखत पाहिलेली हार जास्त खोल रुतते. त्या दिवसाबद्दल लिहा. सुरुवात मी करतो.

८९ व्या मिनिटापर्यंत आम्ही १-० ने पुढे. चौथ्या पंचाने भरपाईच्या ४ मिनिटांचा फलक वर धरला. समोरच्यांना कॉर्नर मिळाला आणि त्यांचा गोलकीपरही आमच्या गोलपाशी आला. चेंडू कोणाच्या तरी गुडघ्याला लागून आत गेला. मला आधी जाळं हललेलं दिसलं, पलीकडच्या स्टँडचा जल्लोष क्षणभराने कानावर आला. तो मधला शांत क्षण अजून जात नाही. पुन्हा कॉर्नर, पुन्हा गोल. १-२.

*

हे वाचून १९९९ ची चॅम्पियन्स लीग फायनल आठवली. बार्सिलोनातल्या कॅम्प नोऊ मैदानावर मँचेस्टर युनायटेडविरुद्ध बायर्न म्युनिक सहाव्या मिनिटापासून पुढे, बासलरची फ्री किक. भरपाई वेळेत युनायटेडचे आधी शेरिंगहॅम, मग सोल्शायर, दोन्ही गोल बेकहॅमच्या कॉर्नरवरून. पहिल्या कॉर्नरला त्यांचा गोलकीपर श्मायकेलसुद्धा पुढे धावला होता. मी टीव्हीसमोर युनायटेडसाठी नाचत होतो. बायर्नचा कुफूर जमिनीवर हात आपटत होता, तो दिसला पण मनापर्यंत पोचला नाही. पुढे माझाच संघ शेवटच्या मिनिटाला हरला, तेव्हा कुफूर कळला.

*

मी ८० व्या मिनिटाला उठले होते. ०-२ होतं, परतीची गर्दी टाळायची होती. गाडीपाशी पोचले आणि मागून गर्जना आली. आपल्याच लोकांचा आवाज ओळखू येतो हो! धावत परत गेले, तर गेटवरचा माणूस म्हणाला, बाहेर पडलात की आत नाही. भिंतीला टेकून उरलेला सामना नुसता ऐकला. १-२ च राहिला. तो एक गोल मी पाहिला नाही, याचं हरण्यापेक्षा जास्त वाईट वाटतं. त्यानंतर शिट्टी वाजेपर्यंत जागा सोडलेली नाही.

*

आमचा बरोबरीचा गोल व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ पाहून निर्णय तपासणाऱ्या पंचाने, काढून घेतला. बूट जेमतेम रेषेपुढे, ऑफसाइड. निर्णय योग्यच होता, मला तक्रार नाही. पण शेजारच्या अनोळखी काकांनी मला मिठी मारली होती, आणि पडद्यावर 'गोल नाही' आलं तरी त्यांनी हात काढले नाहीत.

*

परक्या मैदानावर ०-४. यजमानांची गर्दी पांगेपर्यंत पाहुण्या प्रेक्षकांना आतच थांबवतात, तसं आम्हालाही थांबवलं. खेळाडू आमच्यापुढे आले, हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवल्या. कप्तानाला मान वर करवत नव्हती. आम्ही त्याच्या नावाने गायला लागलो, घसा बसला होता तरी. त्याने एकदा वर पाहिलं आणि आत गेला.

मग मैदान रिकामं. माळी लोक बागकामाचे काटे घेऊन आले, बुटांनी उखडलेली गवताची ढेकळं एकेक करून बसवत, पायाने दाबत चालले. आमच्या बाजूच्या गोलपुढे त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला. आम्ही कठड्याला टेकून ते बघत राहिलो.