डोळे मिटून एका पायावर तोल राहत नाही. सरावाने फरक पडतो का?

प्रश्न : माझी प्रकृती निरोगी आहे, परंतु डोळे मिटून एका पायावर उभा राहिलो की काही सेकंदांतच घोटा थरथरू लागतो आणि दुसरा पाय टेकवावा लागतो. यावर सरावाचा उपयोग होतो का?

उत्तर १ : निश्चित होतो. तोल सांभाळताना मेंदू दृष्टी, अंतर्कर्ण आणि स्नायू-सांध्यांकडून येणारी शरीरस्थितीची जाणीव या तिन्हींचा मेळ घालतो. या जाणिवेला ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये ‘प्रोप्रिओसेप्शन’ हे नाव दिले. डोळे मिटताच दृष्टीचा आधार जातो आणि उरलेल्या दोहोंवर भार येतो. घोट्याची थरथर हा दोष मानू नका, ती क्षणोक्षणी होणारी दुरुस्तीच आहे.

उत्तर २ : घाई मात्र करू नये. प्रथम भिंतीजवळ, अनवाणी, डोळे उघडे ठेवून उभे राहावे. ते स्थिर जमले की डोळे मिटावेत आणि त्यानंतरच मऊ पृष्ठभागाकडे वळावे. शिवाय, ज्या कृतीचा सराव करतो तिच्यातच सुधारणा प्रामुख्याने दिसते, म्हणून चालताना वळणे, वाकून वस्तू उचलणे अशा हालचालीही सरावात असाव्यात, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. आजपासून भिंतीजवळच सुरुवात करतो.