पोषण आहाराच्या खिचडीतली भाजी ताटातच राहते, काय बदलावं?

शाळेचं_पातेलं:

जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते पाचवी, रोज साधारण ७५ ताटं. स्वयंपाकाला दोन मावशी, गॅसची मोठी शेगडी आणि ५० लिटरचं पातेलं. तांदूळ, डाळी, कडधान्यं, तेल, मसाले पुरवठादाराकडून येतात. भाजीपाला आणि इंधन शाळा बघते. प्रमाण ठरलेलंच, म्हणजे दर मुलामागे तांदूळ १०० ग्रॅम, डाळ किंवा कडधान्य २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम आणि तेल ५ ग्रॅम. मोजमापात कसर नाही, पण पुढच्या अडचणी आहेत:

दुधी, कोबी, गाजर यांचे तुकडे मुलं ताटाच्या कडेला काढून ठेवतात. पहिल्या पंगतीला खिचडी पातळ जाते, शेवटी घट्ट गोळा उरतो आणि बुडाला करपते. पावसाळ्यात मटकीच्या उसळीला आंबूस वास येतो. त्यात पालक विचारतात, तांदळात ते पिवळट दाणे दिसतात ते प्लास्टिकचे का?

आवारात शेवग्याची दोन झाडं आहेत. जास्तीचा निधी नाही असं धरून सांगा.

ओगराळं:

मॅडम, आधी खिचडी. ७५ मुलांचं गणित असं: तांदूळ साडेसात किलो, मूगडाळ दीड किलो, साफ करून चिरलेली भाजी पावणेचार किलो, तेल ३७५ ग्रॅम. भाजीचं वजन साली-देठं काढल्यावरचं धरा. बाजारातून पावणेचार किलो आणली तर पातेल्यात तीनच किलो पडते, आणि लाल भोपळ्याची साल-बिया काढल्यावर त्याहूनही कमी.

भाजी वेगळी दिसली की मुलं काढणारच, म्हणून ती दिसेल अशी घालूच नका. लाल भोपळा दोन किलो किसून घ्या, गाजर अर्धा किलो किसून, टोमॅटो पाऊण किलो बारीक चिरून, आणि पालक किंवा शेवग्याचा पाला अर्धा किलो. तेलातलं ३०० ग्रॅम फोडणीला वापरा. मोहरी-जिरं तडतडलं की हळद, मग टोमॅटो, टोमॅटोचं पाणी आटलं की भोपळा-गाजराचा कीस. सात-आठ मिनिटं सतत हलवत परतायचं. भोपळा मऊ पडून फोडणीत विरघळतो, खिचडीला रंग येतो आणि काढून टाकायला तुकडा सापडत नाही. कोबी मात्र यात नको. जास्त शिजला की त्याचा उग्र वास सगळ्या पातेल्याला लागतो. दुधी चालेल, पण तो पाणी फार सोडतो, तेव्हा पाणी दोन लिटर कमी घ्या.

आता करपण्याचं. डाळ आणि तांदूळ एकदम टाकले की डाळ बुडाशी बसते, तिथेच फुटते आणि चिकटते. तांदूळ वर राहतो. म्हणूनच पहिल्या ताटांना पाणी-तांदूळ आणि शेवटच्या ताटांना डाळीचा गोळा मिळतो. डाळ अर्धा तास भिजवा. परतलेल्या भाजीवर १० लिटर उकळतं पाणी आणि डाळ घाला, १५ मिनिटं उकळू द्या. डाळ अर्धवट फुटली की तांदूळ आणि आणखी १३-१४ लिटर उकळतं पाणी. गार पाणी ओतलं की शिजणं थांबतं, गॅसही जास्त जातो. तांदूळ घातल्यावर पहिली दहा मिनिटं लांब दांड्याच्या उलथन्याने बुड खरवडत हलवायचं, मग गॅस बारीक, वर झाकण, आणि पातेल्याखाली जाड तवा.

खिचडी उतरवल्यावरही पाणी पीत राहते. वाढताना हवी त्याहून थोडी सैल असतानाच गॅस बंद करा आणि दोन लिटर कढत पाणी हाताशी ठेवा. दर दहा ताटांनंतर बुडापासून ढवळायचं. उरलेल्या ७५ ग्रॅम तेलात लसूण लाल करून ती फोडणी शेवटी वरून घाला, त्या वासावरच मुलं ताट पुढे करतात. मीठ आधी २०० ग्रॅम, मग चाखून. लोहासाठी १२ लिंबं पिळायला हरकत नाही, पण गॅस बंद केल्यावरच.

आणखी एक: १०० ग्रॅम तांदळाची खिचडी हे पहिलीतल्या मुलासाठी एका बैठकीत मोठं ताट आहे. एकदम वाढलं की निम्मं टाकून दिलं जातं. लहानांना अर्धं ओगराळं दोनदा द्या, आणि पाचवीच्या मुलांना मागतील तेवढं.

आहार_गणित:

वरची पद्धत बरोबर आहे. डाळ सारखी मिसळणं किती महत्त्वाचं, तेवढं आकड्यात सांगते. प्राथमिक वर्गांसाठी दर ताटाला ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं हा निकष आहे, सहावी ते आठवीला ७०० आणि २०. शंभर ग्रॅम तांदळातून सुमारे ८ ग्रॅम प्रथिनं मिळतात, वीस ग्रॅम डाळीतून पावणेपाच. म्हणजे निकष जेमतेम गाठला जातो, तोही सगळी डाळ ताटात आली तर. ज्या मुलाच्या ताटात वरवरचा भात आला त्याला आठच. शिवाय तांदळात लायसिन (प्रथिनांचा एक आवश्यक घटक) कमी असतं, ते डाळीतून भरून निघतं. त्यामुळे नुसत्या भाताचे ते आठ ग्रॅमही शरीराला पुरते वापरता येत नाहीत.

लिंबाबद्दल मात्र असहमत. चवीला पिळा, पण १२ लिंबं ७५ जणांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला क जीवनसत्त्व एक-दीड मिलिग्रॅम येतं, नावापुरतंच. लोह शोषलं जायला ते जेवणासोबत २५ मिलिग्रॅमच्या वर हवं. पेरूच्या एका फोडीत, म्हणजे २५-३० ग्रॅममध्ये, ते सहज मिळतं. पेरूच्या हंगामात आठवड्याच्या पूरक आहाराच्या दिवशी बिस्किटांऐवजी दोन-सव्वादोन किलो पेरू आणा, फोडी करून खिचडीसोबतच द्या. जेवणानंतर तासाभराने दिले तर लोहाच्या दृष्टीने उपयोग गेला. हंगामात अर्धा आवळा, मीठ लावून, तोही चालतो.

पिवळट दाणे: ते पोषणमूल्य वाढवलेल्या तांदळाचे आहेत. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून, दाण्याच्या आकारात दाबून ते बनवतात आणि १०० किलो तांदळात एक किलो मिसळतात. वजनाला हलके असल्याने काही दाणे पाण्यावर तरंगतात, आणि तिथूनच प्लास्टिकची आवई उठते. पालकसभेत दाखवायला सोपं आहे. असे पाच-सहा दाणे वेचून वाटीत भिजवा आणि प्रथमोपचार पेटीतल्या आयोडीनच्या मलमाचा किंवा द्रावणाचा थेंब टाका. दाणा काळा-निळा पडतो, कारण तो पिष्टमय आहे. प्लास्टिकला हा रंग येत नाही. वापरलेले दाणे टाकून द्या.

पण खरी गळती धुण्यात होते. मावशी तांदूळ चोळून तीन-चार पाण्यांनी धुतात आणि वर तरंगणारं ओतून देतात, म्हणजे नेमके तेच दाणे गटारात जातात. आधी कोरडेच निवडा, मग न चोळता दोनदा धुवा, पाणी चाळणीतून ओता आणि चाळणीत अडकलेले दाणे परत घाला. भात करायचा असेल त्या दिवशी पेज काढू नका, पाणी मोजूनच घाला.

कडधान्य लवकर शिजावं म्हणून खायचा सोडा घालतात, तोही बंद करा. सोड्याने बी-१ जीवनसत्त्व जातं आणि उसळीला साबणासारखी चव येते. भिजवण्याचा वेळ वाढवा, काम होतं.

गणंग:

मटकीचं मी सांगतो. वासाची कारणं दोनच: साचलेलं पाणी आणि कोंडलेली हवा. शाळेत बहुतेक ठिकाणी भिजवलेली मटकी घमेल्यात तशीच झाकून ठेवतात किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात भरतात. तळाचे दाणे बुळबुळीत होतात आणि मग सगळी पाटी नासते.

दीड किलो मटकी निवडून तीनदा धुवा. शाळा भरताना तिप्पट पाण्यात भिजत घाला, मावशी घरी निघतील तेव्हा उपसा. उन्हाळा-पावसाळ्यात सहा तास पुरतात, थंडीत कोमट पाणी घ्या. उपसल्यावर परत एकदा स्वच्छ पाण्यातून काढा, पूर्ण निथळू द्या, मग भोकाच्या मोठ्या चाळणीत दोन इंचांहून जाड थर होणार नाही अशी पसरा. वर ओलं करून घट्ट पिळलेलं सुती फडकं आणि खाली ताट. सकाळपर्यंत पाव इंच मोड येतो, तेवढा भरपूर झाला. सकाळी धुऊन न भिजलेले गणंग दाणे काढा. एक गणंग दाताखाली आला की ते मूल पुढचे आठ दिवस उसळीला हात लावत नाही.

भिजवणं आदल्या दिवशीचं, त्यामुळे मोडाची उसळ सोमवारी ठेवायचीच नाही, रविवारी भिजवणार कोण? बुधवार किंवा गुरुवार ठीक.

मोड कच्चे देऊ नका, कोशिंबिरीतही. मोड यायला लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही तितकीच मानवते. आठ-दहा मिनिटं वाफवा, मग कांदा-टोमॅटो घाला. टोमॅटो किंवा चिंच आधी घातली तर आंबटाने दाणा टणक राहतो.

आणि वजन. २० ग्रॅम हे कोरड्या मटकीचं आहे. मोड आल्यावर ती दुप्पट भरते, पण वाढलेलं ते पाणी आहे, प्रथिनं तेवढीच. मोड आलेली मटकी तराजूत घालून दीड किलो घेतली तर मुलांना निम्मंच मिळतं. साठा नोंदवहीत शिल्लक वाढत असेल तर हे तपासा.

पाला_तोडा:

शेवगा: झाडं उंच वाढू देऊ नका. शेंगा संपल्या की चार-पाच फुटांवर छाटा, आडव्या फांद्या फुटतात आणि पाला हाताशी येतो. लाकूड फार ठिसूळ असतं, मुलांना चढू देऊ नका. पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्यांचे झुबके बसतात. त्या दिवसांत पाला तोडण्याआधी खोड बघा, अंगाला लागल्या की फार खाज येते.

अर्ध्या किलो पानांसाठी किलोभर डहाळ्या लागतात. कोवळी पानंच ओरबाडा, मधली काडी राहिली की घशाला टोचते. खिचडी उतरायच्या पाच मिनिटं आधी बारीक चिरून घाला. एकदम अर्धा किलो घातला तर कडवट लागेल आणि हिरवा रंग बघूनच मुलं तोंड फिरवतील. २०० ग्रॅमपासून सुरू करा, आठवड्याला थोडा वाढवा. दोन झाडांचा पाला रोज पुरणार नाही. आठवड्यातून दोनदा शेवगा, एरवी पालक किंवा माठ.

जास्तीचा पाला सावलीत वाळवून पूड करून ठेवा. उन्हात वाळवला तर अ जीवनसत्त्वाचा अंश उडतो आणि पूडही तपकिरी होते. पूड ७५ मुलांना १५० ग्रॅमच्या पुढे नको.

चिमूटभर:

सोया वडी कुणीच सुचवली नाही? ५० टक्के प्रथिनं. दर मुलामागे ५ ग्रॅम टाकली तरी अडीच ग्रॅम वाढतात.

आहार_गणित:

चालेल, पण पुरवठ्यात येत नसेल तर भाजीपाल्याच्या पैशातून आणावी लागेल. गरम मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं भिजवून दोनदा घट्ट पिळायची, नाहीतर तो कच्चा वास येतो. मग जाडसर वाटून फोडणीत परता. अख्खी वडी घातलीत तर तीही कडेला निघेल. डाळीच्या जागी घालू नका, डाळ पूर्ण घालून वर.

शाळेचं_पातेलं:

खूप उपयोगी. तरंगणारे दाणे ओतून देण्याचं तर इथेही चालतं, उद्यापासून चाळणी. दोन गोष्टी राहिल्या. नाचणी सत्त्वात गुठळ्या होतात आणि गूळ घातल्यावर दूध फाटतं. आणि अंड्यांसाठीचा राज्याचा वेगळा निधी जानेवारी २०२५ मध्ये बंद झाला, लोकसहभागातून महिन्यातून एकदा जमण्यासारखं आहे. ७५ अंडी एकदम कशी उकडायची, फुटतात फार.

ओगराळं:

नाचणी: सव्वा किलो पीठ तीन लिटर गार पाण्यात कालवून गाळून घ्या. कोमट पाण्यात कालवलंत की गुठळी तिथेच धरते. सात लिटर पाणी उकळलं की एकाने ओतायचं, दुसरीने ढवळायचं. मंद आचेवर १२ मिनिटं, चमक येईपर्यंत. गूळ ७५० ग्रॅम लिटरभर पाण्यात विरघळवून गाळा, त्यात खडे आणि काड्या असतात. गॅस बंद केल्यावर गूळपाणी घाला. दूध पावडर अर्धा किलो कोमट पाण्यात कालवून, सत्त्व बोट सोसवेल इतकं निवल्यावर सर्वांत शेवटी. गुळात आंबटपणा असतो आणि सोबत उकळी मिळाली की दूध फाटतंच. प्रत्येकाला दीडशे मिलिलिटरच्या आसपास येतं. निवताना घट्ट होतं, वाढण्याआधी हलवा.

अंडी दोन पातेल्यांत विभागा, दोन थरांपेक्षा जास्त नकोत. गार पाण्यात ठेवून मग गॅस लावा, उकळत्या पाण्यात सोडली की तडकतात. उकळी आली की आच मध्यम करून १२ मिनिटं, लगेच गार पाण्यात, दोनदा पाणी बदलून. जास्त वेळ ठेवली तर बलकाभोवती हिरवट कडा येते. अपाय नाही, पण मुलं खात नाहीत. अंडं न खाणाऱ्यांची यादी आधी करून तेवढी केळी त्याच दिवशी आणा, आणि सोलण्याचं काम चौथी-पाचवीला हात धुवायला लावून द्या.