पॅनेलच्या जांभळ्या-करड्या वायरी: सीलिंग बंद व्हायच्या आत सल्ला हवा

अभ्यासिकावाली, सातारा:
आमच्या अभ्यासिकेत २ बाय २ फुटांची १८ एलईडी पॅनेल लागतायत. वायरमनदादांनी फेज, न्यूट्रल, अर्थिंग ओढून ठेवलंय. पण प्रत्येक पॅनेलच्या ड्रायव्हरमधून (पॅनेलला वीज पुरवणारा छोटा डबा) आणखी दोन बारीक वायरी निघतात, एक जांभळी, एक करडी. दादा म्हणतात, "यांचं आपल्याला काम नाही, तोडून टेप मारू." दुकानदार म्हणतो, डिमिंगच्या आहेत. मला डिमिंग हवंच आहे. पहाटे ५ ला येणाऱ्या मुलांना लख्ख उजेड लागतो, दुपारी खिडकीकडच्या ६ पॅनेलना निम्माही पुरतो. शनिवारी पीओपीवाला सीलिंग बंद करणार. वायर कुठली घेऊ? पाइप वेगळा लागेल का?

गावठी_जुगाड:
पंख्याच्या रेग्युलेटरसारखा डिमर मिळतो, तो बोर्डात बसवा. नवी वायर कशाला ओढता?

तिसरा_फेज, पुणे:
ताई, हे करू नका. तो डिमर २३० व्होल्टची लाटच कापतो. तुमच्या ड्रायव्हरला मेन्स (हा २३० व्होल्टचा पुरवठा) पूर्ण हवी. उजेड किती, ते या दोन वायरींवरून कळतं. जांभळी प्लस, करडी मायनस. (अमेरिकेत नियम बदलल्यापासून नव्या मालात करडीऐवजी गुलाबी येते, गोंधळू नका.) १० व्होल्टला पूर्ण उजेड, १ व्होल्टला कमीत कमी. गंमत म्हणजे हे व्होल्ट ड्रायव्हरच सोडतो, डिमर फक्त खाली ओढतो. म्हणून डिमर न आणताही तपासता येतं: जोडी मोकळी ठेवली तर पॅनेल पूर्ण पेटेल. मेन्स बंद करून दोन्ही टोकं एकत्र पिळा, पुन्हा चालू करा, पॅनेल मंद झालं पाहिजे. अठराच्या अठरा असे बघून घ्या.

वायर साधी १ स्क्वेअर एमएम चालेल. एका ड्रायव्हरचे जास्तीत जास्त २ मिलिअँप धरा, १८ चे ३६. साठ मीटर ओढलीत तरी ०.१ व्होल्टसुद्धा पडत नाही. पण डिमर तेवढे मिलिअँप पेलतो का, ते डब्यावर वाचून घ्या.

पाइप मात्र वेगळाच. मेन्सला चिकटून लांबवर नेली की उजेड थरथरायला लागतो. आणि दुसरं कारण माणसांचं. मी केलेल्या एका कार्यालयात नंतर आलेल्या वायरमनने जांभळीला फेज समजून २३० दिला. आख्खी रांग जळाली, आणि फोन मला! जंक्शन बॉक्सच्या झाकणावर मार्करने 'डिमिंग' लिहा.

खिडकीच्या ६ ची जोडी वेगळी, आतल्या १२ ची वेगळी. दोघांच्या करड्या एकत्र बांधू नका.

कोथरूडकर:
डाली (डिजिटल संदेशांवर चालणारी डिमिंगची पद्धत) का नाही? ६४ पत्ते, प्लस-मायनसची कटकट नाही.

तिसरा_फेज, पुणे:
डाली उत्तमच, पण त्याला ड्रायव्हर डालीचे लागतात. ताईंचे आलेले आहेत. परत करायला लावू का आता?

अभ्यासिकावाली, सातारा:
दादांना धागा वाचून दाखवला. आधी हसले, मग स्वतःच टोकं पिळून बघायला लागले. आतली १२ बरोबर. खिडकीची सगळी ६ मात्र मंदच. जोडीचं टोक मोकळं सोडलं तरी.

तिसरा_फेज, पुणे:
एखाद्याची जांभळी-करडी उलट लागलीय. एक उलटा ड्रायव्हर सगळ्या रांगेला खाली ओढतो. मेन्स बंद करून जोडी मधोमध सोडा, म्हणजे तीन-तीन. जी बाजू मंद राहील तिथे पुन्हा तेच.

अभ्यासिकावाली, सातारा:
सापडलं! पाचवं. पीओपीच्या धुळीने दोन्ही वायरी एकाच रंगाच्या झाल्या होत्या, ओल्या फडक्याने पुसल्यावर जांभळी दिसली. आता नॉबचं सांगा. दुकानदार १०० के (किलो-ओहम) चा पॉट, म्हणजे फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टन्स, देतोय, डिमरपेक्षा कितीतरी स्वस्त.

तिसरा_फेज, पुणे:
ड्रायव्हरवर 'रेझिस्टन्स डिमिंग' लिहिलं असेल तरच. आणि १०० के एका ड्रायव्हरला. सहा असले तर भागिले सहा, म्हणजे साधारण १७ के. बाराला ८ के. सहांवर १०० के लावलात तर नॉबचा बहुतेक फेरा फुकट जाईल, सगळा फरक शेवटच्या टोकाला. त्यापेक्षा डिमरच घ्या. बोर्डातला स्विच मात्र ठेवा, १ व्होल्टवर पॅनेल विझत नाही.

अभ्यासिकावाली, सातारा:
डिमरच घेते. पीओपीवाल्याला सोमवारवर ढकललंय, तो कुरकुरतोय. दादांनी मात्र झाकणावर मार्करने मोठ्ठं लिहिलंय: 'डिमिंग. हात लावू नये.'