लोड, वापर आणि खोळंबा : सर्व्हरच्या देखरेखीचे शब्द

प्रश्न

ऐरोलीच्या एका डेटा सेंटरमध्ये रात्रपाळीला येणाऱ्या नव्या मुलांसाठी मराठीत माहितीपत्रक लिहिते आहे. बहुतेक जण आयटीआय किंवा पदविका करून आलेले. ‘रिसोर्स युटिलायझेशन मॉनिटरिंग’चं मसुद्यात ‘संसाधन उपयोजन संनियंत्रण’ झालंय आणि वाचणारा तिथेच अडतो. ‘युटिलायझेशन’ आणि ‘लोड’, दोन्हींना ‘वापर’ म्हटलं तर चालेल का?

प्रतिसाद

ताई, दोन्हींना एकच शब्द नका देऊ. त्याने किती घोटाळा होतो ते मी पाहिलंय.

‘युटिलायझेशन’ला ‘वापर’ अगदी चपखल आहे. ‘उपयोग’मध्ये फायद्याचा अर्थ डोकावतो, ‘उपयोजन’ पुस्तकी आहे. सीपीयूचा वापर ७० टक्के, म्हणजे मोजलेल्या वेळापैकी ७० टक्के वेळ तो कामात होता. इतकंच.

‘लोड’चं तसं नाही. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर ‘अपटाइम’ किंवा ‘टॉप’ ही आज्ञा चालवली की लोड ॲव्हरेजचे तीन आकडे दिसतात, १, ५ आणि १५ मिनिटांचे. त्यांत सीपीयूवर चालू असलेली कामं येतात, सीपीयूसाठी रांगेत उभी असलेली येतात, आणि डिस्कच्या उत्तराची वाट पाहत अडकलेलीही येतात. हा तिसरा प्रकार लिनक्समध्ये १९९३ साली घातला गेला. त्यामुळे सीपीयू जवळपास रिकामा असतानाही लोड भरमसाट दिसू शकतो.

आमच्याकडे एका रात्री असंच झालं. बिलांचं काम रखडलं होतं, लोड ३८, सीपीयूचा वापर १५ टक्क्यांच्या आत. पाळीच्या वहीत नोंद झाली ती ‘वापर खूप वाढला आहे’. सकाळच्या माणसाने ती वाचून व्हर्च्युअल मशीनला आणखी सीपीयू जोडले. फरक शून्य, कारण अडलं होतं ते डिस्कपाशी : एक डिस्क बदलल्यामुळे रेड ॲरे (अनेक डिस्क एकत्र जोडून केलेला संच) नव्याने बांधला जात होता. वहीत ‘कामं डिस्कपाशी खोळंबली आहेत’ एवढं असतं तरी पुढचे चार तास वाचले असते.

म्हणून माझा आग्रह ‘खोळंबा’ या शब्दासाठी आहे. संगणकांच्या कामगिरीचे तज्ज्ञ ब्रेंडन ग्रेग यांच्या ‘यूज’ पद्धतीत प्रत्येक संसाधनाबद्दल तीन गोष्टी पाहायच्या असतात : युटिलायझेशन, सॅच्युरेशन, एरर्स. मराठीत वापर, खोळंबा, चुका. सॅच्युरेशनला कोशातला ‘संपृक्तता’ घेतला तर मुलांना मिठाचं पाणी आठवेल. इथे अर्थ आहे, जितकं काम पेलवतं त्याहून जास्त आलं आणि उरलेलं ताटकळत राहिलं.

शिवाय वापर आणि खोळंबा एका चालीने वाढत नाहीत. बँकेत एकच खिडकी आहे आणि गिऱ्हाईकं हवी तेव्हा, कमी-जास्त वेळाची कामं घेऊन येतात असं धरा. खिडकी ५० टक्के वेळ कामात असेल तर सरासरी गिऱ्हाइकाला कामाच्या दुप्पट वेळ लागतो, ८० टक्क्यांना पाचपट, ९० ला दहापट, ९५ ला वीसपट. वापर ९० वरून ९५ वर गेला की आकड्यात पाचाचीच भर दिसते, पण थांबणाऱ्याचा वेळ दुप्पट होतो.

प्रतिसाद

वरच्याशी सहमत. ‘लोड’ मात्र ‘लोड’च ठेवा, किंवा ‘भार’. ‘भारनियमन’ महाराष्ट्रात घरोघरी पोचलेला शब्द आहे, त्यामुळे ‘भार’ परका वाटणार नाही.

‘संनियंत्रण’ काढाच. त्यात ‘नियंत्रण’ ऐकू येतं आणि पडद्याकडे पाहणारा काहीच नियंत्रित करत नसतो. ‘पाळत’ संशयितावर ठेवतात, ‘टेहळणी’ शत्रूची करतात. ‘देखरेख’ साधा शब्द आहे आणि त्यात काळजीही आहे.

प्रतिसाद

मेमरीबद्दल एक. ‘फ्री’ आणि ‘अव्हेलेबल’ हे दोन रकाने पाहून नवखा माणूस हमखास घाबरतो. पहिल्याला ‘रिकामी’ म्हणा, दुसऱ्याला ‘उपलब्ध’. लिनक्स उरलेल्या मेमरीत डिस्कवरून वाचलेलं साठवून ठेवतं, म्हणून रिकामी नेहमीच थोडी दिसते. जेवणाच्या टेबलावर वाचून झालेली वर्तमानपत्रं पसरली आहेत. टेबल रिकामं नाही, पण ताटं आली की ती उचलता येतात. म्हणजे टेबल उपलब्ध आहे. कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, हा उपलब्धचा हिशेब वेगळा दाखवायला २०१४ मध्ये, ३.१४ आवृत्तीपासून, सुरुवात केली. दोन्हींना ‘मोकळी’ लिहिलंत तर रोज रात्री विनाकारण फोन वाजतील.

प्रश्नकर्तीकडून

खूप आभार. शीर्षक आता ‘सर्व्हरची देखरेख : वापर, खोळंबा, चुका’ केलंय. एक राहिलं. ‘वॉर्निंग’ आणि ‘क्रिटिकल’ असे दोन थ्रेशोल्ड, म्हणजे आकडा ओलांडला की सूचना येते अशा मर्यादा, असतात, त्यांना काय म्हणू? ‘उंबरठा’ बरा वाटत नाही.

प्रतिसाद

मी कोल्हापूरचा. दर पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरचे पंचगंगेचे आकडे ऐकत मोठा झालो : ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. इशाऱ्याला सामान माळ्यावर चढवायचं, धोक्याला घर सोडायचं, हे आमच्याकडे पोरांनाही ठाऊक असतं. तुमचे दोन थ्रेशोल्ड नेमकं हेच सांगतात. ‘डिस्क ८० टक्के भरली : इशारा पातळी. ९० टक्के : धोका पातळी.’ आणि प्रत्येक पातळीपुढे काय करायचं तेही त्याच ओळीत लिहा.